दोन नावांचा बायोडाटा

सुनेनं पहिला अर्ज पाठवला तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. साखर टाकली, आलं ठेचून टाकलं, आणि पावडरीचा डबा उघडायच्या आत तिचा फोन वाजला. नकार आला होता. आपण आमच्याकडे अर्ज केल्याबद्दल आभारी आहोत, परंतु, वगैरे, चांगल्या गुळगुळीत इंग्रजीत.

मी म्हटलं, "एवढ्यात वाचूनसुद्धा झालं? कोण बसलंय तिथं एवढं रिकामं?"

"कोण न्हाई बसलं, आत्ती. कंप्युटर वाचतोय. माणसाकडं जायच्या आधीच तो चाळणी लावतोय."

आमच्याकडे सून सासूला आत्ती म्हणते. ही तर जतकडची, कर्नाटकाच्या हद्दीवरची, तिच्या माहेरी निम्मं बोलणं कानडीत चालतं, तिथंही आत्तीच म्हणतात. म्हणून लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिच्या तोंडात तो शब्द पाहुण्यासारखा कधी वाटला नाही.

माझा मुलगा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती त्याची. पाच वर्षं डायलिसिसवर काढली. त्यांना मूलबाळ नाही. इस्लामपूरच्या या तीन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो, मी चौऱ्याहत्तरची आणि ती त्रेचाळीसची. घर चालतं ते माझ्या पेन्शनवर, म्हणजे आमचे हे फौजेत होते त्यांच्या मागं मला जी मिळते तिच्यावर. ती पेन्शन माझ्याबरोबर जाणार. हे मी कधी तिच्यापुढे बोलले नव्हते. तीच एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या मागं मी काय करू, ते मला तुमी हाईसा तवरच ठरवाय पायजे." मी तव्यावरची भाकरी उलटली.

त्या महिन्यात तिनं अकरा अर्ज पाठवले. अकराही परत आले.

खरं तर त्या चाळणीचं मला नवल वाटायचं कारण नव्हतं. मी स्वतः चार वर्षं चाळणी होते.

मी चोवीस वर्षांची असताना इथल्या एका साखर कारखान्यात टायपिस्ट होते, आस्थापना विभागात. नोकरभरती निघाली की पोत्यानं अर्ज यायचे, आणि ते आधी माझ्या टेबलावर यायचे. साहेबांनी नियम दिले होते. दाखल्यावर खरी नक्कल असा शिक्का नसेल तर बाद. वय बसत नसेल तर बाद. सगळ्या कागदांवर नाव एकच नसेल तर बाद. मी एवढी हुशार, की चौथा नियम माझ्या मनानं लावला होता: अक्षर घाणेरडं असेल तर बाद. माझ्याकडे एक लाल पेन असायचं. ते मी कुणाला वापरायला द्यायची नाही. पदर खांद्यावर पिन लावून, मान ताठ करून मी असा बाद मारायची, की वाटावं हायकोर्टाचा निकाल लिहिते आहे.

एकदा विट्याकडची एक बाई अर्ज घेऊन स्वतः आली. तिचा नवरा गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायच्या दुकानात लांब कुठल्या तरी शहरात होता आणि वर्ष वर्ष येत नव्हता. तिनं मॅट्रिक केलेलं होतं. तिला शिपायाची जागा चालली असती. मी कागद बघितले. मार्कलिस्टवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. बापाचं आणि नवऱ्याचं नाव बदलणारच, पण हिचं स्वतःचंही वेगळं. ती म्हणाली, "लग्नात बदललंया बाई. दोन्ही मीच हाय."

आणि मी, एवढीशी पोर, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्ही नेमक्या कोण ते आधी घरी ठरवून या."

ऑफिस हसलं. तीही हसली, कारण दुसरं काय करणार होती. कागदाच्या जुन्याच घडीवर घडी बसवून तिनं ते पिशवीत ठेवले आणि गेली. त्या दिवशी घरी चालत जाताना मला पायाखाली रस्ता लागत नव्हता. केवढं बोलले आपण, साहेबसुद्धा हसले. माझ्या स्वतःच्या कागदांवर दोन नावं होती, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. माझंही लग्नात बदललेलं. पण साहेब माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे. माझे कागद कुणी चाळलेच नव्हते.

आता सुनेचं सांगते. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. लग्नानंतर इथल्या एका दूध डेअरीच्या लॅबमध्ये तिनं चौदा-पंधरा वर्षं काढली. दुधात पाणी घातलंय की युरिया, की तेल, ते शोधून काढायचं काम. काचेच्या नळीतून थेंब थेंब रसायन सोडून मोजायचं, त्याला ती टायट्रेशन म्हणायची. कॅनचं झाकण उघडल्यावर नुसत्या वासावर सांगायची, हे दूध सकाळचं नाही. गवळी लोक तिला घाबरायचे. मुलाचं दुखणं वाढलं तेव्हा तिनं ती नोकरी सोडली.

अकरावा नकार आल्यावर तिच्या डेअरीतल्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, अगं हल्ली असा सरसकट बायोडाटा पाठवून चालत नाही. जाहिरातीत जे शब्द आहेत ते तुझ्या बायोडाटात सापडले तरच ते सॉफ्टवेअर तुला पुढं पाठवतं. एआयला जाहिरात दे, तुझे कागद दे, तो मापाचा करून देतो.

मग मुलाचा लॅपटॉप बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर आला. तो गेल्यापासून कपाटात होता. चार्जरच्या वायरला त्यानं चिकटपट्टी गुंडाळली होती, ती तशीच होती. सून टाइप करायची आणि मी शेजारी चष्मा लावून बसायची. त्या एआयला मी कारकून म्हणायला लागले, कारण होताच तो कारकून. नम्र, न थकणारा, आणि विचारलं नसताना चार ओळी जास्त लिहिणारा.

पहिल्याच दिवशी त्यानं लिहिलं, की वीस जणांच्या चमूचं नेतृत्व केलं.

सून म्हणाली, "ह्यानं वीस कुठनं आणले? आमी लॅबमधी दोघी. आन एक मांजर."

"मांजर धरून तीन लिही," मी म्हटलं.

"खोटं लिवायचं न्हाई, आत्ती. इंटरव्ह्यूत इचारलं तर?"

तिनं त्याला सांगितलं, दोघीच होतो. तो म्हणाला, माफ करा, दुरुस्त करतो. आमच्या कारखान्यात चार वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि मी तर कुणालाच नाही. वासावरून दूध ओळखते हे मी घालायला लावलं. त्यानं ते अदबीनं काढलं. जाहिरातीत वासाचा उल्लेख नव्हता. त्या जागी नमुना तपासणी, गुणवत्ता नियंत्रण, नोंदींचं दस्तऐवजीकरण असले शब्द आले. माझी सून वाचता वाचता हळूहळू अनोळखी होत चालली होती, पण मोठी दिसत होती खरी.

ती भाजी आणायला गेली तेव्हा मी चोरून माझाही बायोडाटा करून घेतला. त्याला आमच्या मराठीत सांगितलं, की चौऱ्याहत्तर वर्षं, दोन गुडघे कामातून गेलेले, चार वर्षं लोकांचे अर्ज बाद करण्याचा अनुभव. त्यानं लिहिलं: तपशिलाकडे बारीक लक्ष असलेली अनुभवी प्रशासकीय व्यावसायिक. मी एकटीच हसले. मग हसू आपोआप थांबलं. त्या विट्याकडच्या बाईचे कागद आठवले. तपशिलाकडे बारीक लक्ष, ते तर होतंच की मला.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं विचारलं, की गेली पाच वर्षं रिकामी दिसतात. या काळात आपण काय केलं?

सुनेचे हात टेबलावर राहिले. ती काही लिहीना. खिडकीतून रस्त्यावर ऊस भरलेला ट्रॅक्टर अडकला होता तो बघत बसली. म्हणून मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि त्याच्यापुढे बोलायला लागले. तो ऐकून लिहून घेतो हे मला माहीत झालं होतं. मी सांगितलं, की पाच वर्षं हिनं दर एक दिवसाआड नवऱ्याला एसटीनं सांगलीला नेलं आणि आणलं. त्याला दिवसाला एक लिटरच पाणी चालायचं, त्यात चहा धरून, आमटी धरून, ते ही मापाच्या काचेच्या भांड्यानं मोजायची. भाजी दोनदा भिजवून पाणी टाकून शिजवायची. रोज सकाळी त्याच्या डाव्या हाताच्या शिरेवर बोट ठेवून थरथर लागते का बघायची, कारण ती थांबली तर सुई लागणार नाही. सकाळचं वजन, संध्याकाळचं वजन, ब्लडप्रेशर, सगळं वहीत. अशा सात वह्या आहेत. शेवटच्या वहीत शेवटचं पान अर्धं आहे.

कारकुनानं क्षणभर वेळ घेतला आणि इंग्रजीत दिलं. सून ते मला मराठीत सांगत गेली. दीर्घकालीन रुग्णसेवेचं नियोजन. दैनंदिन मोजमापांच्या अचूक नोंदी. आहारनियंत्रण. वैद्यकीय वेळापत्रकाचा समन्वय.

"चांगलं लिहिलंय," मी म्हटलं.

"काढा ते."

"का?"

"काढा म्हणते न्हवं." मग आवाज खाली आला. "नोकरीसाठी केलं न्हाई मी ते, आत्ती. जाहिरातीत घालाय न्हाई केलं."

आम्ही बराच वेळ त्यावर घासाघीस केली. एकदम काही नाही लिहिलं तर चाळणी पुन्हा बाद करणार, हे कारकुनानंच सांगितलं होतं. शेवटी एक ओळ राहिली. कौटुंबिक कारणासाठी सेवेत खंड. माझा मुलगा त्या एका ओळीत बसला. तीही ओळ त्याच्याविना.

मग कागद जोडायचा दिवस आला. डिग्री, एम.एस्सी., डेअरीचं अनुभवाचं पत्र, आधार कार्ड, सगळ्याचे फोटो काढून तिनं कारकुनाला दिले, की बायोडाटाशी ताडून बघ. एवढ्या दिवसांत हे पहिल्यांदाच. त्यानं ताडून बघितलं आणि विचारलं. सुनेनं मोठ्यानं वाचलं:

"यातली पदवीची दोन्ही प्रमाणपत्रं दुसऱ्या व्यक्तीची दिसतात. ती चुकून जोडली गेली आहेत का?"

प्रमाणपत्रांवर तिचं लग्नाआधीचं नाव होतं.

नंतर तिच्या लक्षात आलं, आणि तिनं शिक्षिकेसारखं मला बोटं मोजून दाखवलं. त्या अकरा ठिकाणी तिनं हेच कागद जोडले होते. संगणकाला दिसत होतं ते असं: एक बाई आहे, तिची एम.एस्सी. झालीय, पण अनुभव काडीचा नाही. दुसरी एक बाई आहे, तिला पंधरा वर्षांचा अनुभव आहे, पण ती शिकलेलीच नाही. दोघींपैकी कुणालाही कोण घेईल? अकरा नकार त्यामुळंच आले असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. पण मला तरी दुसरं कारण दिसलं नाही. डेअरीत असली अडचण कधी आली नव्हती. तिथं तिला सगळे तोंडानं ओळखत होते.

ते दुसरं नाव मी दिलं होतं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. हिच्या आईनं आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन, अगदी चाचरत विचारलं होतं, "पोरीचं म्हणणं हाय, शाळा-कॉलेजच्या सगळ्या कागदावर नाव हाय. तेवढं ऱ्हाऊ दिलं तर चालंल का?"

मी म्हणाले होते, "कागद काय चुलीपुढं लावायचेत? हाक घरात मारायचीय."

केवढी ऐट ती. मी पोस्टाच्या तिकिटासारखी सगळ्यांना चिकटून, हे असं पाहिजे, ते तसं पाहिजे. कारखाना सोडून मला पंचवीसेक वर्षं झाली होती, पण लाल पेन काही सुटलं नव्हतं. मुलानं अंगठी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "आई, राहू दे की तिचं तिला."

"लिही," मी म्हणाले.

त्यानं लिहिलं.

आता एक खरं सांगते. त्या नावासाठी मी हटून बसले त्याला एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलानंतर मला मुलगी हवी होती. तिच्यासाठी मी नाव ठरवून ठेवलं होतं. हे रजेवर यायचे तेव्हा त्यांनाही सांगायला लाजायची. मुलगी झाली नाही. दोनदा दिवस गेले, दोनदा राहिले नाहीत. ते नाव तसंच न वापरलेलं माझ्याकडे पडून होतं, वीस-बावीस वर्षं. मग ही आली. मला वाटलं, हिला देऊ. हिच्याजवळ आधीच एक आहे, हा विचार माझ्या डोक्यात शिरलाच नाही. मी काही तरी देते आहे असंच मला वाटत राहिलं.

कारकुनाला उपाय विचारला. त्यानं दोन सांगितले. एक तर विद्यापीठाकडून प्रमाणपत्रांवर नाव बदलून घ्या, त्याला किती महिने लागतील सांगता येत नाही. नाही तर प्रतिज्ञापत्र करून, राजपत्रात प्रसिद्ध करून, आधार आणि बाकीचे कागद प्रमाणपत्रावरच्या नावावर आणा, डेअरीकडून अनुभवाचं पत्र त्या नावानं नव्यानं घ्या. ते लवकर होईल.

सून म्हणाली, "दुसरं करू."

"म्हणजे माहेरचं नाव."

"माझं नाव," ती म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही. साधंच.

"आडनावपण?"

"सगळंच करावं लागंल. अर्धंमुर्धं ठेवलं की परत दोघी व्हत्यात."

मला लागलं ते. अजून वर्षही झालं नव्हतं. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव, आणि ही आधारवरून त्याला काढायला निघालेली. मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. ताट वाढलं की जेवायची आणि उठायची. या वयात फुगून बसणं म्हणजे काय सोंग असतं ते माझ्याकडून शिकावं. गोळ्या घ्यायलाही मुद्दाम विसरायची, की तिनं यावं आणि विचारावं. ती यायची, गोळी आणि पाणी ठेवायची, काही न बोलता जायची.

चौथ्या दिवशी मी म्हणाले, "त्याला काय वाटलं असतं, याचा तरी विचार कर."

ती कपडे घड्या घालत होती. खाली बघूनच म्हणाली, "ते मला त्याच नावानं हाक मारायचे."

"कुठल्या?"

"माझ्या. पयल्यापास्नं. तुमच्या मागं. आमच्या खोलीत, सांगलीला जाताना एसटीत. तुमच्यापुढं तुमी दिलेल्या नावानं मारायचे." मग थोड्या वेळानं, "तुमाला वाईट वाटंल म्हणून."

एकवीस वर्षं. तीन खोल्यांचं घर, भिंतीला कान लावायचीही गरज नाही, आणि मला एकवीस वर्षं पत्ता नाही. तो मोठा भिडस्त होता, माझा मुलगा. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी त्यानं ओठ हलवले होते तेव्हा मी त्याच्या तोंडाशी वाकले होते आणि मला कळलं नव्हतं तो काय म्हणतो ते. मी समजले, पाणी मागतो आहे. हिला मात्र कळलं होतं. ही लगेच पुढं झाली होती.

म्हणजे मी दिलेल्या नावानं एवढी वर्षं मनापासून हाक मारणारी या घरात मी एकटीच होते.

प्रतिज्ञापत्र मीच सांगितलं. कारकुनाचं मी वापरू दिलं नाही, टायपिस्टच्या घरात तेवढी तरी अब्रू राहावी. मी सांगत गेले, ती लॅपटॉपवर टाइप करत गेली. मी, खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, विवाहानंतर माझे नाव बदलण्यात आले होते.

तिनं मान वर केली. "कुणी बदललं ते लिवायचं?"

"कोर्टाला एवढी चौकशी नसते," मी म्हटलं. ती पहिल्यांदा हसली. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा.

प्रतिज्ञापत्रावर सही करायला आम्ही दोघी सांगलीला गेलो. तीच एसटी, तीच वेळ. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "आज पेशंट कुठं हाय वहिनी? बरं वाटतंय का त्यास्नी?"

ती काही बोलायच्या आत मी म्हणाले, "दोन द्या, कोर्टाजवळची." त्यानं आमच्याकडे बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही. उरलेले पैसे देताना त्यानं बॅग काखेत धरून दोन्ही हात जोडले. हॉस्पिटलचा थांबा आला तसा तिचा हात शेजारच्या सीटवर गेला, उठवायला. तिथं मी बसले होते. तिनं हात तसाच माझ्या मनगटावर ठेवला. पुढच्या थांब्यापर्यंत तिथंच होता.

कागद व्हायला दोन महिने गेले. डेअरीच्या साहेबांनी पत्र लगेच दिलं, भला माणूस. मग साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीची जाहिरात आली. कारकुनानं पुन्हा सगळं त्या मापानं बेतून दिलं. एकच नाव, वरपासून खालपर्यंत. त्या बायोडाटात आता मी दिलेलं काही नव्हतं आणि माझ्या मुलाचंही काही नव्हतं. तिनं मला विचारलं, "पाठवू?" मी म्हटलं, "पाठव." मग आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो.

तो वाजला नाही. चहा झाला, भांडी झाली, दिवस गेला, वाजला नाही. दुसऱ्या दिवशी मुलाखतीचं पत्र आलं.

मुलाखत लॅपटॉपवरच झाली. मी स्वयंपाकघरात दार लोटून बसले होते, कान मात्र बाहेर. एक बाई प्रश्न विचारत होत्या, खऱ्या बाई. त्यांनी विचारलं, पाच वर्षांचा खंड कशामुळे? सून म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं. मी त्यांच्याजवळ होते." मग त्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला हातानं टायट्रेशन करायची सवय अजून आहे का?" सून म्हणाली, "आहे."

तिला घेतलं. सहा महिने परिवीक्षेवर.

आता ती साताऱ्याला एका सहकारी मुलीबरोबर खोली घेऊन राहते. शनिवारी संध्याकाळी येते, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाते. जाताना माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून, डबीवर वार लिहून जाते. मी आता मुद्दाम विसरत नाही. विचारायला येणार कोण?

वर्षश्राद्धाची गोष्ट मात्र माझ्या चुकीनं झाली. तिनं दोन महिने आधीच मला विचारलं होतं, की कुठल्या दिवशी रजा मागू. मी कॅलेंडरावरची तारीख सांगितली, ज्या तारखेला तो गेला ती. ती तिनं संगणकावर भरली, मंजूरही झाली. श्राद्ध तिथीवर असतं, तारखेवर नाही, हे मला, या वयाच्या बाईला, सुचू नये. गुरुजींकडे मंगळवारी गेले तर त्यांनी पंचांग उघडून सांगितलं, तिथी परवा आहे. गुरुवारी. तारखेच्या अकरा दिवस आधी.

तिचा मोबाईल लॅबच्या बाहेर कप्प्यात ठेवावा लागतो, दुपारच्या सुट्टीत तेवढा हातात येतो. अडीअडचणीला म्हणून तिनं गेटचा नंबर बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर लिहून ठेवला होता. मी तो लावला. वॉचमननं उचलला. मी सवयीनं नाव सांगितलं.

"ह्या नावाचं हितं कोण न्हाई, मावशी."

"लॅबमध्ये आहे हो. इस्लामपूरची."

"लॅबमधी लय बायका हाईत. नाव सांगा."

मी फोन हातात धरून उभी. मला तिचं नाव माहीत नव्हतं असं नाही. मी कधी म्हटलं नव्हतं एवढंच. प्रतिज्ञापत्रातसुद्धा ते सांगायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले होते, तुझं तू घाल. वॉचमन म्हणाला, "ठेवू का?"

मी सांगितलं. माहेरच्या आडनावासकट, वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

"हां, त्या व्हय," तो म्हणाला. "थांबा, बोलावतो."

ती धावत आली असावी, श्वास लागला होता. "काय झालं आत्ती? पडला न्हाई न्हवं?"

मी ठरवून ठेवलं होतं, काही सांगायचं नाही. परिवीक्षेत लागोपाठ दोन रजा मागणाऱ्यापुढं संगणक कसली खूण करतो मला काय ठाऊक, पण मी कसली केली असती ते मला ठाऊक आहे. म्हणून म्हणाले, "काही नाही गं. काळे तीळ कुठं ठेवलेस ते सापडेना."

आमच्या घरात काळे तीळ दुसऱ्या कशाला लागत नाहीत. हे मला बोलून झाल्यावर कळलं.

"तिथी कवा हाय?" तिनं विचारलं.

"गुरुवारी."

"मी मागते रजा."

"मागू नकोस. मंजूर झालेली पुढची आहे, ती घे, तेव्हा ये. पुतण्या आहे, तो करेल."

"आत्ती, मी न्हाई तर कसं..."

"त्याला चालेल," मी म्हणाले. "त्याला तुझी नोकरी चालेल."

मागं कुणीतरी गाडीचा नंबर मोठ्यानं सांगत होतं. मग ती म्हणाली, "वरच्या फळीवर हाईत. हळदीच्या डब्यामागं." आणि ठेवताना, "गेटवर तुमी कुठलं नाव सांगितलं?"

"जे त्याला कळलं ते," मी म्हणाले.

गुरुवारी पुतण्या आला, गुरुजी आले. पानं मांडली. विधी मधोमध आला होता तेव्हा माझा मोबाईल वाजला. तिची दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी सुरू झाली होती. पडद्यावर मी दिलेलंच नाव उजळलं, ते मी अजून बदललेलं नाही. मी फोन उचलून पानाशेजारी ठेवला. गुरुजींनी एकदा बघितलं आणि आवाज जरा मोठा केला. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं, फक्त लांबवर ताटांचे आवाज. मध्येच एकदा तिचं नाक ओढल्यासारखं वाटलं, किंवा तो वाराही असेल.

तिळाचं पाणी सोडायची वेळ यायच्या आधीच पलीकडं सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला. लाईन बंद झाली.

पुतण्यानं हातात दर्भ धरून विचारलं, "वहिनी हायत का अजून?"

"नाही," मी म्हटलं. "कामावर गेली. तू पाणी सोड."